जोडायची राहिलेली रेघ

मी, स्वरूप धाऊ विशे, वय २४, नववीपर्यंत शिकलेला, राहणार शेणवा, तालुका शहापूर. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने हे लिहीत आहे.

१. घरातला माझा हिस्सा, सोल्डरिंगची हत्यारे आणि मीटर बहीण रुपा हिला. मीटरची लाल वायर सैल आहे, जपून धरावी.

२. बँकेतली शिल्लक जनाबाई भोईर यांना. त्यांचा मुलगा दीपेश माझा कामातला जोडीदार. पंपाच्या स्टार्टरचे सर्किट बोर्ड संगणकावर आखायला त्यानेच मला शिकवले. तो चोरीचे महागडे सॉफ्टवेअर वापरायचा, मी फुकटचे निवडले. "फुकट्या, तुझा बोर्ड पण फुकटात जळल," म्हणायचा. माझा एकही जळला नाही, याची नोंद असावी.

३. लॅपटॉप रुपाला, पण आधी हे वाचावे. श्रावणात दीपेश सापगावच्या पुलावरून वाहून गेला. तो सापडला नाही. जनाबाई त्याचे दिवस घालू देत नाहीत, रोज ताट वाढतात. आमचा अर्धा राहिलेला बोर्ड मी उघडला. जोडायचे राहिले असेल तिथे सॉफ्टवेअर बारीक पांढरी रेघ दाखवते. एकच रेघ बाकी होती. ती बोर्डाबाहेर, सापगावच्या पुलाच्या दिशेला जात होती, टोक दिसेना. मी टेबल फिरवले, तर रेघही फिरली आणि पुन्हा पुलाकडेच झाली.

मुरबाडचे दुकानदार कमळाकर पष्टे म्हणाले, "माउस बिघडला आसंल रं तुझा." ते या मृत्युपत्राला साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही. देणारही नव्हतो.

४. परवापासून रेघ आखूड होत आहे. लॅपटॉप जागचा हललेला नाही. आज टोक बोर्डाच्या कडेला आले. जनाबाईंना सांगितले तर म्हणाल्या, "येतोय तो. दार लावू नको रे बाबा." मला भीती वाटते, पण कडी लावणार नाही. एकही जोडणी बाकी ठेवून बोर्ड छापायला पाठवायचा नाय, हा दीपेशचा नियम. टोक आत आले की मी ती जोडणार आहे.

५. उद्या रुपाने लॅपटॉप पाहावा. बाकी जोडण्यांचा आकडा शून्य असेल, तर दीपेशचे काही राहिले नाही, जनाबाईंना त्याचे दिवस घालायला सांगावे. एक असेल, तर रेघ कुठे जाते ते पाहून मला तिकडे शोधावे.

साक्षीदार: कमळाकर पष्टे, मुरबाड (सही)
धाकलू वाघ, डोळखांब (अंगठा)
स्वरूप धाऊ विशे (सही)
शेणवा, १९ ऑक्टोबर २०२४