दुसरे उत्तर

सोमवार
या रोजनिशीत एकच विधान सिद्ध करावयाचे आहे: या कार्यशाळेत बसगाड्यांचे गिअरबॉक्स बसवण्यास जो विलंब होतो, त्याचे कारण भूत नसून मूर्खपणा आहे. जन्मभर तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला देखरेखीस नेमणे, हा व्यवस्थापनाचा पहिलाच शहाणपणा म्हणावा लागेल. मी प्रसन्न मनाने रुजू झालो. टेबल खिडकीपाशी आहे, चहा गरम मिळतो, आणि पाठीमागे मला 'तर्कमास्तर' म्हणतात. नावे ठेवण्यापुरती बुद्धी या मंडळींत आहे.

मंगळवार
पद्धत पाहिली. बस खड्ड्यावर उभी करतात. अवजड गिअरबॉक्स चेनकप्पीला टांगतात आणि खड्ड्यात उतरलेला फिटर त्याचा शाफ्ट क्लचप्लेटमध्ये जुळवतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधली शेवटची फट मिटवण्यापूर्वी साखळी ओढणारा वरून विचारतो, "हात?" फिटर म्हणतो, "बाहेर." येथवर सारे शास्त्रशुद्ध. त्यानंतर मात्र सगळे माना खाली घालून उभे राहतात, खड्ड्यातून आणखी एक "बाहेर" येईपर्यंत. कधी ते लगेच येते. कधी चहा निवून जातो.

इथल्या जुन्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, पूर्वी एकदा न विचारताच साखळी ओढली गेली, फिटरचा हात फटीत चिरडला आणि तो जिवानिशी गेला. तेव्हापासून त्या मेलेल्याचाही हात निघाल्याखेरीज ही मंडळी फट मिटवत नाहीत. मी म्हणालो, सिमेंटच्या खड्ड्यात प्रतिध्वनी उमटतो, हे शेंबड्या पोरालाही कळते. साखळीवाला हसला. "मास्तर, प्रतिध्वनी एवढा विचार करून बोलतो होय?" हजरजबाबीपणा हा अज्ञानाचा आवडता दागिना आहे.

बुधवार
ताकीद दिली: दुसऱ्या उत्तरासाठी जो थांबेल, त्याने उद्यापासून घरीच थांबावे. साखळीवाल्याच्या घरी खाणारी तोंडे बरीच. त्याने निमूट साखळी ओढली. गिअरबॉक्स बसला. आभाळ कोसळले नाही.

फट मिटल्यावर खड्ड्यातून आवाज आला, "आत." फिटरचा चावटपणा, असे मी जाहीर केले. फिटर तोवर वर येऊन माझ्याशेजारी हात पुसत होता.

गुरुवार
खड्ड्यात कोणी उतरेना. मिस्त्री हात जोडून म्हणाले, "साहेब, आता तो कुणाचा तरी हात मागणार." भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरे काय. उद्या भर दुपारी मी स्वतः उतरून शाफ्ट जुळवीन. सिद्धता याहून स्वच्छ असू शकत नाही.

रविवार. रुग्णालय
डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा—

शाफ्ट जुळत आला होता. बोटे फटीत. वरून विचारले, "हात?" मी तोंड उघडले. माझ्या आधी कोणी म्हणाले, "बाहेर."

आवाज माझा. वर्गातला, ठाम.

मी ओरडलो. तोवर साखळी—

साखळीवाल्याचा दोष नाही. त्याने माझा हुकूम पाळला. दुसऱ्या उत्तरासाठी थांबला नाही. थांबला असता, तर दुसरे उत्तर माझे असते.

सोमवार
चूक एकच, ती मान्य करतो. मी त्याला प्रतिध्वनी म्हटले. प्रतिध्वनी मागून येतो.

सही: तर्कमास्तर

परिचारिका दारात उभी आहे. विचारते, हात कसा आहे. मी उत्तर द्यायला मान वळवली, पण माझ्या आधी खाटेखालून, माझ्याच आवाजात—