एक शब्दही बोललो नाही

४ जून

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

मुंगी सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. दहावीनंतरच्या सुट्टीभर आजोबांकडे राहून वजनं उचलायला शिकायचं म्हणून तिने माझं डोकं खाल्लं. पंधरा वर्षांची पोरगी, हट्टाच्या बाबतीत थेट तुमच्यावर गेलीय. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही ऐकत नाही, म्हणून लिहितेय.

मी तुमच्याकडे शिकायचे तेव्हा बार डोक्यावर गेला, की तुम्ही मला सायकलवर बसवून घरी आणायचा. बार पडला, की तुम्ही सायकल दामटत पुढे आणि मी मागून पायी. जेवताना मी समोर बसलेली असायचे आणि तुम्ही आईला विचारायचा, की तुझी मुलगी जेवली का. असे आठवडेच्या आठवडे जायचे. तुम्ही मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. पण एकोणिसाव्या वर्षी मी सोडलं ते गुडघ्यामुळे नव्हे, एवढं आज सांगते.

आता इतक्या वर्षांनी पुन्हा जिमला जायला लागलेय. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून मान आखडते, तेवढंच निमित्त. परवा नेहमीचं वजन जागचं हललं नाही. मी सवयीने शिकवणाऱ्या बाईंची माफी मागितली. त्या हसल्या, दोन प्लेटा उतरवल्या आणि म्हणाल्या, की झोप झाली नसेल, मन थाऱ्यावर नसेल, किंवा काहीच कारण नसेल. असा दिवस येतो आणि जातो, आज जमतंय तेवढं करा आणि घरी जाऊन नीट जेवा. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन मी रडले.

एवढंच मागणं आहे, बाबा. मुंगीचा असा दिवस आला, की तिच्याशी बोला. बारबद्दल नको, गळक्या नळाबद्दल बोला. पण बोला.

तुमची माया मला ठाऊक आहे; ती तिला दिसू द्यावी, ही विनंती.

तुमची,
बेबी


११ जून

चि. बेबीस अ. उ. आ.

पत्र वाचलं. कवळ्या घासता घासता तुझ्या जिभेलाही धार आलेली दिसते. असो.

मुंगी म्हणजे सोनं आहे. पाठ कशी पट्टीने आखल्यासारखी सरळ! ती बारजवळ गेली, की सरावाच्या हॉलमधली मोठी मंडळीही गप्प होतात. काल तिने पासष्ट किलो उचलले. येताना तिला नवे बूट घेतले. पत्ते खेळताना लबाडी करते आणि वर मलाच दमात घेते. तुझी आई गेल्यापासून या घरात इतकं हसणं-खिदळणं झालं नव्हतं.

वाईट दिवसाचं म्हणशील, तर आमच्या वेळी त्याला आळस म्हणायचे. तुझ्या त्या बाईंना सांग, प्लेटा उतरवायला शिकवणी लागत नाही. तरी तुझ्या समाधानासाठी शब्द देतो: पोरीला माझ्या तोंडून एकही कडक शब्द ऐकावा लागणार नाही.

जुनं उगाळत बसू नकोस. म्हाताऱ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
बाबा


९ जुलै

चि. बेबीस अ. उ. आ.

पोरीला परगावी स्पर्धेला नेलं होतं. मुंगीचे तिन्ही प्रयत्न फुकट गेले. पहिलं वजन तर ती रोज उचलते ते होतं. आदल्या रात्री झोप लागली नाही, पोट दुखत होतं, असं ती सांगत होती. निकालाच्या फळ्यावर तिच्या पुढे नुसती रेघ. चाळीस वर्षं शिकवल्यावर लोकांसमोर मान खाली घालायची पाळी आली.

पण तुला दिलेला शब्द मी पाळला. बसच्या सगळ्या प्रवासात मी एक शब्दही बोललो नाही. घरी आल्यावरही नाही. आज आठवडा होत आला, अजून अवाक्षर काढलेलं नाही.

आणि गंमत बघ, पोरगी आपोआप सुधारली. माझ्या आधी उठते. न सांगता हॉल झाडून ठेवते, माझी भांडी घासते. पत्त्यांचं नाव काढत नाही. दुपारीही एकटीच जाऊन सराव करते. आता तूच सांग, कोणाची पद्धत बरोबर.

रागावू नकोस, आठवण ठेवत जा.

तुझा,
बाबा


१३ जुलै

ती. बाबांना सा. न.

तुम्ही शब्द पाळलात आणि माझी पोर जिवंतपणी भिंतीत चिणलीत. मी बोला म्हटलं होतं, बाबा. गप्प बसा म्हटलं नव्हतं. त्यात तुम्ही फार तरबेज आहात, ते सांगायची गरजच नव्हती.

झाडू तिच्या हातून काढून घ्या. ती सुधारलेली नाही, घाबरलीय. मी पण अशीच भांडी घासायचे.

रविवारी येतेय. तिचं सामान बांधून ठेवा.

लोभाचं काय लिहू? आहे, म्हणूनच इतका त्रास होतो.

बेबी


१६ जुलै

लाडक्या आईस सा. न.

तू येऊ नकोस. तुझं पत्र आजोबांच्या टेबलावर उघडंच होतं. वाचून त्यांचा चेहरा उतरला, म्हणून मला तुझा राग आला. चूक माझी होती. एवढ्या लांब नेलं त्यांनी आणि मी उचललंच नाही.

तू म्हणतेस तसं काही नाही. मी घाबरत नाही. खांदा थोडा दुखतो, म्हणून हल्ली उजव्या कुशीवर झोपत नाही. आजोबांना सांगू नकोस, त्यांना वाटेल मी कारणं सांगतेय.

आणि खरी बातमी तर राहिलीच! आज सकाळी मी सत्तर उचलले. आजोबा खुर्चीवरून उठले आणि त्यांनी मला हाक मारली. मुंगे, म्हणाले. सगळ्यांसमोर. आई, इतक्या दिवसांनी कोणी हाक मारली, की कसं वाटतं, ते तुला माहीत असणारच. मग तू सोडून कसं दिलंस, हे मला कळत नाही.

सुट्टी संपली तरी मी इथेच राहावं असं आजोबा म्हणतात. मी हो म्हणून टाकलं.

काळजी करू नकोस. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस. चांगला दिवस असेल, तेव्हा लिहीत जाईन.

तुझी,
मुंगी