जुळणीला गेलेली चाळीस पाने

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

घडले ते क्रमाने सांगते. कादंबरी सोडल्याचे मागे कळवलेच होते. सोमवारी तिची पाने रद्दीत द्यायला कामावर, आमच्या छापखान्यात नेली. ती चुकून माझ्याच हातून जुळणीच्या गठ्ठ्यात गेली. गुरुवारी अक्षरजुळणीचे काका, ज्यांना मी आजवर चुकांचे आगर समजत आले, माझ्या टेबलाशी आले.

"बाई, चाळीस पानं जुळवली. पुढची द्या. गोष्टीतली ती शिवणवाली दुकान सोडते का हो?"

"काका, हे छापायचं नव्हतं."

"मग लिहिलंत कशाला?"

तुमच्या लेकीने पुन्हा लेखणी उचलली! काल एकेचाळिसावे पान लिहिले. आता जेवणही जाते, हे आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

चाळीस पाने सोबत आहेत. फोनवर "छान" म्हणून सुटू नका. दोष लेखीच कळवा.

आपली हट्टी,
धाकटी