डोंगराचा सव्वीस कलमी कार्यक्रम

८ जानेवारी, बुधवार
ठरलं. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या जोडसुट्टीत कॅल्गरी आणि बॅन्फ. तीन दिवस. शहरही आणि डोंगरही.
१६ फेब्रुवारीला आमच्या लग्नाला तीस वर्षं होतील. ल्युबाने आजवर डोंगर पाहिलेला नाही. दाखवीन असं मी लग्नातच कबूल केलं होतं. सॅस्काटूनहून आठ तासांचा तर रस्ता, पण दर वेळी काहीतरी निघालं. एकदा गिअरबॉक्स, एकदा माझी पाठ, एकदा मी रस्ता चुकून उत्तरेला गेलो.
ल्युबाला विचारलं, काय काय बघायचंय? म्हणाली, एकच. केबल कारने माथ्यावर जायचं आणि तुझ्या शेजारी उभं राहून खाली बघायचं. मी म्हटलं, बास? एवढ्यासाठी कोणी आठ तास जातं का? बिचारीला मोठा विचार करायची सवय नाही. ती जबाबदारी माझी.

१२ जानेवारी, रविवार
प्लॅन तयार! सव्वीस कलमं. टॉवर, पेंग्विन, तळ्यावर स्केटिंग, कुत्र्यांची गाडी, गोठलेला धबधबा, स्की, गरम पाण्याचं कुंड. पंधरा-पंधरा मिनिटांचे कप्पे पाडलेत. आमच्या दुकानातल्या मशीनवर लॅमिनेट करून घेतला. केबल कार सव्विसावी, रविवारी ३.३० ते ३.५०. कळस शेवटीच चढवायचा असतो.
शेजारच्या वेंडेलला दाखवला. म्हणाला, ओरेस्ट, अरे बायकोला नेतोयस की पलटण? जळतो.
उद्यापासून व्यायाम. आमच्याकडे चढ नावाला नाही, म्हणून तळघराचा जिना. रोज चाळीस वेळा.

१३ जानेवारी, सोमवार
जिना सहा वेळा. पायऱ्या नियमापेक्षा उंच आहेत. बांधणाऱ्याची चूक.

२० जानेवारी, सोमवार
ल्युबा म्हणाली, केबल कार पहिली घे ना, बाकीचं मग जमेल तसं. तिला कळस म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. पटलं असावं, कारण गप्प झाली. मग कॉम्प्युटरसमोर बराच वेळ बसली होती. बहुतेक बहिणीला माझ्या प्लॅनचं वर्णन लिहीत असावी.
व्यायाम: विश्रांतीचा दिवस. (सलग चौथा. स्नायूंना लागतो.)

२ फेब्रुवारी, रविवार
जुने स्की बूट घेतले, छान स्थितीतले. दोन्ही डावे निघाले. वेंडेल म्हणाला, बरंय, गोल गोल फिरशील, हरवणार तरी नाहीस.

१५ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी १
पहाटे चारला निघायचं होतं, ७.४० ला निघालो. प्लॅन घरी विसरून वीस मैल गेलो होतो, परत यावं लागलं. ल्युबा म्हणाली, राहू दे ना. राहू दे काय!
पण कॅल्गरीत घड्याळ एक तास मागे, म्हणजे एक तास फुकट कमावला. हे मी आधीच धरलं होतं. (आत्ता आठवलं.) वाटेत ल्युबाच्या हातच्या पेरोगी, त्या बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, गार गारच खाल्ल्या. झकास. मी गाडीत मोठ्याने गायलो, तीही गायली. तीस वर्षं झाली असं वाटतच नाही!

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
शिनूक सुटलाय. डोंगरावरून उतरणारा तो गरम वारा. सकाळी उणे वीस होतं म्हणे, आता अधिक नऊ! फेब्रुवारीत लोक शर्टावर फिरतायत. तळ्याच्या बर्फावर पाणी साचलंय, स्केटिंग बंद. पेंग्विन बघायला पोचलो तोवर प्राणिसंग्रहालयाची वेळ संपली. सहा कलमं पुढे ढकलली, उद्या वेग वाढवायचा.
टॉवर मात्र झाला. वर काचेची जमीन आहे, पायाखाली थेट रस्ता. मी शांतपणे, कठड्याला धरून, डोळे मिटून पार केली. ल्युबा मधोमध उभी राहून ओरडली, ओरेस्ट, ते बघ, पश्चिमेला डोंगर! अरे बघ तरी! मी म्हटलं, उद्या जवळूनच बघू. पोरीसारखी नाचत होती. मलाही फार बरं वाटलं.
हॉटेलच्या गाडीतळावर दर गाडीला प्लग आहे, थंडीत रात्रभर इंजिन गरम ठेवायला. तिथली बाई म्हणाली, दादा, वारा पहाटे फिरेल, इंजिनची तार लावून ठेवा. मला! मी सव्वीस वर्षं दुकानात इंजिन हीटरच्या तारा विकतोय! अधिक नऊला तार लावणाऱ्या माणसाला सॅस्काटूनमध्ये लोक हसतील. ल्युबाही म्हणाली, लाव ना, तुझं काय जातं? प्रश्न तत्त्वाचा आहे. नाही लावली.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७.१०
उणे सत्तावीस.
गाडी एकदा खोकली. नंतर तेही नाही.

७.३५
मदतवाल्यांना फोन केला. अख्ख्या शहरातून फोन येतायत म्हणे, थांबावं लागेल. पलीकडच्याने विचारलं, तार लावली होती का? मी म्हटलं, विषय तो नाही.

७.५०
ल्युबाने पर्समधून दोन तिकिटं काढली. बसची, हॉटेलच्या दारातून आठला सुटणारी, थेट केबल कारपर्यंत. २० जानेवारीलाच काढली होती! मी म्हटलं, म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नव्हता? म्हणाली, तुझ्यावर आहे रे, तुझ्या प्लॅनवर नाही. चल.
पण गाडी अशी टाकून जायचं? आणि कलम चौदा ते पंचवीस? मी हिशोब मांडला: पाऊण तासात मदत, मग बसला वाटेतच गाठतो. म्हटलं, तू हो पुढे, माथ्यावर भेटतो. ती म्हणाली, चल ना. परत म्हणाली, बाही धरून. मी म्हटलं, अगं पाऊणच तास!
दुसरी सीट तिने रांगेतल्या एका बाईला दिली. मूस जॉ गावची निवृत्त पोस्टमास्तरीण, नाव ग्रेटा.

११.४०
मदत येतेच आहे.

१.२०
आली. मदतवाल्या म्हाताऱ्याने गाडी चालू करून दिली. गप्पांत मी दुकानाचं बोललो. तारा विकता? म्हणाला, आणि इतका हसला की ठसका लागला. पाठीवर थापटावं लागलं, मलाच.
अजून वेळ आहे! मधली सगळी कलमं गाळली तर ३.३० ला माथ्यावर.

३.३०
महामार्ग तुंबलाय. बर्फ उडतंय, पुढे पांढरं, मागे पांढरं. डोंगर इथेच कुठेतरी असणार.
ल्युबाचा फोटो आला. लख्ख ऊन, निळं आकाश, ती आणि ग्रेटा. खाली लिहिलंय: ढग सगळे खाली राहिले, तू कुठे आहेस?
त्या ढगात आहे, असं लिहिलं. मग खोडून ‘जवळच’ असं पाठवलं.

संध्याकाळी ७
चारला गाडी वळवली. ल्युबा साडेसहाला आली. नाक लाल, डोळे चमकतायत, तोंड थांबत नाही. मोठ्या शिंगांची मेंढी दिसली, ग्रेटाची टोपी वाऱ्याने उडाली, दोघी हसून हसून बाकावर बसल्या. मीही हसलो. सव्विसावं कलम पार पडलं, म्हणजे तत्त्वतः प्लॅन यशस्वी.
मग म्हणाली, वर उभी होते ना, तेव्हा दोनदा बाजूला न बघताच ‘ओरेस्ट, ते बघ’ म्हटलं. दोन्ही वेळा ग्रेटा ‘हो’ म्हणाली.
मी चमचा फिरवत राहिलो. सूप गार होऊन गेलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
परतीला ल्युबाने गाडी चालवली. वाटेत किंडर्सली गावात कॉफीला थांबलो. म्हणाली, पुढच्या हिवाळ्यात मी परत जाणार, बसचं मी बघते. सीट एक काढू की दोन, ते तेवढं सांग.
चिडून नव्हती म्हणत, खरंच विचारत होती. त्याचंच जास्त वाईट वाटलं.
मी म्हटलं, दोन.
म्हणाली, नक्की? ऐन वेळी काही निघालं तर?
काहीतरी जोरदार बोलायला हवं होतं. दोन, असं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.
ती कॉफी संपवत म्हणाली, बघू.