मोटारीच्या विजेचा अर्ज

७ जुलै २००१
ऑनर्सला नाव घातलं. इतिहास. बाकीच्या पोरी शनिवारी झोपणार, आम्ही तीन तास जादा बसणार — वर वर्षभराचा प्रकल्प! अण्णांनी विचारलं, "त्यानं कॉम्प्युटरमदी नोकरी लागती का?" नाही म्हटलं. "मग कशानं लागती?" हे मलाही माहीत नाही.

२१ जुलै
आठाचे पाच झालो. तिघं कॉम्प्युटरच्या क्लासला जावा शिकायला गेली. श्रीनिवास सर म्हणाले, "बरं झालं. पंखा एकच आहे."

पुस्तकातलं उतरवायचं नाही. घरातला एक जुना कागद घ्यायचा आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचायचा. "सगळा. जिथे कंटाळा येतो तिथेच काहीतरी असतं."

४ ऑगस्ट
अण्णांच्या ट्रंकेत १९७९चं हक्कसोडपत्र सापडलं. शकूआत्याने, म्हणजे अण्णांच्या सख्ख्या बहिणीने, हडपसरच्या मळ्यातला आपला हिस्सा 'राजीखुशीने' सोडला. खाली डाव्या हाताचा अंगठा. मी प्रकल्पात लिहिलं, 'सदर स्त्री निरक्षर असावी.' फार अभ्यासू वाक्य वाटलं. दोनदा वाचलं.

११ ऑगस्ट
सरांची लाल शाई : 'असावी? बाई हयात आहेत ना? विचारा.'

आत्या रोज पेपर वाचते. राशिभविष्यासकट. हे मला जन्मापासून माहीत आहे. लिहिताना कुठे गेलं होतं कोण जाणे. लाज वाटली.

१२ ऑगस्ट
येरवड्याला आत्याकडे गेले. तिने चष्मा लावला, कागद वाचला. पुन्हा वरून वाचला.

"हिरीवरल्या मोटारीच्या विजेचा अर्ज हाय, म्हणला व्हता दादा, तुजा बाप. वाचत बसलीस तर कचेरी बंद हुईल, म्हणला. शाई तयारच व्हती."

कागदावरच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मग — "मी सातवी पास हाय गं."

चहा केला. साखर घालायची राहिली. मी तसाच प्यायले. परतताना बसमध्ये रडू आलं. अण्णांचा राग आला आणि तेच मला सायकलवरून शाळेत सोडायचे, तेही आठवलं. दोन्ही एकदम.

१८ ऑगस्ट
'असावी'चं वाक्य खोडलं. त्या जागी आत्याचं वाक्य लिहिलं, तारखेसकट. सर म्हणाले, "आता हा इतिहास झाला." नंतर विचारलं, "घरी चालेल?" नाही चालणार, म्हटलं.

१ सप्टेंबर
सरांनी १९९४चा कायदा वाचायला दिला. वडिलोपार्जित जमिनीत बिनलग्नाच्या मुलीलाही मुलाइतका वाटा. "कुणाला माहीत होतं?" पाचांत आम्ही चार पोरी. एकही हात वर नाही.

१० सप्टेंबर
मळ्यावर सॉफ्टवेअर पार्क होणार, आम्हाला पैसे आणि नवा फ्लॅट. अण्णांनी पेढे आणले. बिल्डरचा वकील म्हणाला, घरातल्या सगळ्यांच्या सह्या लागतील. अण्णा म्हणाले, "घरातलंच हाय, करत्याल."

१७ सप्टेंबर
जेवण झाल्यावर अण्णांनी कागद पुढे केला. वरची पानं दुमडलेली, सहीच्या जागी पेन्सिलीची फुली.

"कर सही. नव्या फ्लॅटच्या विजेच्या मीटरचा अर्ज हाय."

मी पानं उलगडली. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"समदं वाचत बसणार व्हय?"

"ऑनर्सला आहे," म्हटलं.