आई, मी गाडी पळवते
आई, मी गाड्यांच्या शर्यतीत भाग घ्यायला लागले आहे. घाबरू नकोस, गाडी हातभर लांबीची आहे आणि मी तिच्यात बसत नाही. रिमोट घेऊन एका लाकडी मचाणावर उभी असते. खाली मैदानात मातीचा वळणावळणाचा रस्ता केलेला असतो, कडेला प्लास्टिकचे पाइप टाकलेले, आणि त्यावर सात-आठ गाड्या एकदम सुटतात. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. तेव्हा कुणी सांगितलं असतं की लातुरात असा क्लब निघेल आणि त्यात मी असेन, तर आपण दोघी पोट धरून हसलो असतो.

शिरूर अनंतपाळच्या तहसीलमध्ये मी अव्वल कारकून आहे. आठवडाभर बसनं जाणं-येणं, फिरायला मिळतं ते रविवारी सकाळी. अशाच एका रविवारी मैदानाकडून शिवणयंत्र फार जोरात चालवल्यासारखा आवाज आला म्हणून वळले. दहा-बारा माणसं होती, बहुतेक माझ्याहून लहान, आणि त्यांच्यात उदगीरचे एक बियाण्यांचे व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. तीन रविवार मी नुसतं कडेला उभं राहून पाहिलं. चौथ्या रविवारी अप्पांनीच विचारलं, "ताई, पोरगं कोणतं तुमचं?" मी म्हटलं, "कुणीच नाही. मीच बघायला येते." ते जराही हसले नाहीत. "मग बघून काय होतंय? धरा," म्हणाले, आणि स्वतःचा रिमोट माझ्या हातात दिला.

गाडी लांब जात होती तोवर ठीक होतं. वळून माझ्याकडे यायला लागली तेव्हा मी डावीकडे फिरवली की ती माझ्या उजवीकडे पळायची. थेट पाइपावर आदळली आणि पुढच्या चाकाचा जोडच तुटला. रिमोट ठेवावा आणि मुकाट्यानं घर गाठावं असं वाटलं. पण मग नांदेडचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी बारा वर्षांची. तुझी इस्त्री उघडून बसले आणि परत जोडता येईना, म्हणून तिचे सगळे तुकडे ज्वारीच्या डब्यात दडवले. तुला दुसऱ्या दिवशी ज्वारी दळायला काढताना ते सापडतात. तू ओरडत नाहीस, मला समोर बसवतेस. "मोडली म्हणून न्हाई बोलून राहिले मी," तू म्हणतेस, "दडवलीस म्हणून बोलून राहिले. माझ्यासमोर आणली असतीस तर कालच बसवली असती." आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडूनच ती जोडून घेतेस, स्वतः एक स्क्रूही न लावता. पुढच्या बाजारात मला लाल मुठीचा पेचकस आणतेस. रिबिनी आणशील असं मला वाटलं होतं.

तर मी ती मोडकी गाडी उचलून अप्पांसमोर ठेवली. "माझ्या हातून मोडली. कशी बसवायची ते दाखवा, मी बसवते." अप्पा म्हणाले, "लई मोडत्यात ह्या, त्याचं काय न्हाई. पण एक करा. गाडी तुमच्याकडं येऊन राहिली की मनानं तिच्यात जाऊन बसा. तुमचं डावं सोडा, तिचं डावं बघा." हे जमायला मला दोन महिने लागले. तोवर मी जास्त वेळ ट्रॅकवरच उभी असायचे, इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायला. आपली शर्यत झाली की पुढच्यांसाठी हे काम करायचं, असा नियमच आहे. मग स्वतःची गाडी घेतली, सुट्या भागांत येते तशी. जेवणाच्या टेबलावर महिनाभर पसारा होता. हे म्हणाले, "खेळणं कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्यांनी पेपर घेतला आणि ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायला लागले, ते महिनाभर.

जोडताना माझी नखं वंगणानं काळी झाली आणि मी थांबले. गल्लीतल्या साऱ्या बायका तुझ्याकडे स्टोव्ह घेऊन यायच्या. वायसर बदलायचीस, पिन मारायचीस, मिक्सरचे कार्बन बदलायचीस. आधी कान लावून ऐकायचीस, मगच उघडायचीस. तुझी नखं कधी गोरी झाली नाहीत. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी तू चहाचा ट्रे घेऊन निघालीस आणि मी दारातच तो तुझ्या हातून काढून घेतला. "तू हात पदराखाली ठेव," म्हणाले. तू ठेवलेस. ते लोक उठेपर्यंत ठेवलेस.

गेल्या महिन्यात नांदेडच्या क्लबनं आम्हाला बोलावलं. माझ्या शर्यतीला दहा मिनिटं असताना तिथल्या एका तरुण डॉक्टरांची गाडी हलेना. मोटार गरगरत होती, चाकं जागची जागी. ते नवीन मोटार शोधत धावत होते. मी कान लावला आणि म्हटलं, "मोटार चांगली आहे, डॉक्टर. तिच्या दांड्यावरचं दातेरी चाक सैल झालंय." स्क्रू आवळला, दोन दातेरी चाकांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून अंतर धरलं, मोटार घट्ट केली, पट्टी ओढून काढली. गाडी निघाली. आजूबाजूला बरीच माणसं जमली होती. डॉक्टर म्हणाले, "ताई, कुठं शिकलात हो हे?"

"आईकडं."

"इंजिनियर होत्या का त्या?"

आई, आजवर कुणी विचारलं की मी 'गृहिणी होती' एवढंच सांगत आले. त्या दिवशी मी काळे हात न पुसता म्हटलं, "मिस्त्री होती. इथलीच, नांदेडची. आमच्या अख्ख्या गल्लीचे स्टोव्ह तिच्या हातचे होते." अप्पा मागे उभे होते. ते डॉक्टरांना म्हणाले, "आता कळलं न्हवं? आमच्याकडं मिस्त्रीणबाईंची लेक हाय." माझी मान अशी ताठ झाली की कितीतरी वर्षांत झाली नसेल.

आठ गाड्यांत माझी तिसरी आली. पहिले आले ते डॉक्टर, मी दुरुस्त करून दिलेल्या गाडीनं, आणि त्याचंही मला बरंच वाटलं. शेवटच्या फेरीत गाडी माझ्याकडे तोंड करून आली आणि मी ती अचूक वळवली, विचारसुद्धा न करता. अप्पांनी मचाणाखालून आरोळी ठोकली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते माझ्याजवळच राहील. तुला एक खरं सांगते. गाडी तुझ्या नावानं पळवायची असं मी ठरवून गेले होते. पण गाड्या सुटल्या आणि पुढची पाच मिनिटं मला तुझी एकदाही आठवण झाली नाही.