देवी गाडीत बसली

माय,

धाकटी वाचली त्याची खरोखर किती किंमत पडली, ते आज मांडतो. बीडच्या वाटेवर तांबड्या बैलाचा एक खूर दुखावला, तो बरेच दिवस लंगडत होता, आणि आत्यानं तुझ्याशी दिवाळीपर्यंत अबोला धरला. दवाखाना निजाम सरकारचा, औषध फुकट. एवढ्यात बहीण मिळाली. सौदा वाईट नव्हता.

धाकटीला गोवर उठला, म्हणजे आपल्या घरी देवी आली. दाराला कडुनिंब, चुलीवर फोडणी बंद, आणि देवीला निरोप दिल्याशिवाय लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हा आत्याचा कायदा. तूही तो पाळत होतीस. अंगावरून ओलं फडकं फिरवायचीस, चमच्याचमच्यानं पेज पाजायचीस. धाकटी भोकाड पसरायची, मी कानात बोटं घालायचो, आणि तू म्हणायचीस, "रडू दे रे. रडतंय, पितंय तवर घरचं दुखनं."

मग एका दुपारी ती गप्प झाली. आत्या म्हणाली, उतार पडला, झोपलीय. तू मला हाताला धरून तिच्याजवळ बसवतेस, ऐक म्हणतेस. श्वास असा घाईचा, जणू पळत आलीय. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पाणी ओठांवरून परत येतंय. तू उठलीस आणि वडलांना गाडी जुंपायला लावलीस. आत्या दारात आडवी झाली. देवी कोपेल म्हणाली.

"वन्सं, देवी लेकराच्या अंगात हाय न्हवं? मग ती बी येतीय की बीडला. तिला काय गाडी चालत न्हाई?"

आत्या दारातून बाजूला झाली. तू गाडीत कडुनिंबाचा पाला अंथरलास आणि देवीला मानानं घेऊन निघालीस. डॉक्टरनं छातीला नळी लावली. दुखणं छातीत उतरलंय, बरं झालं आजच आणली, म्हणाला. बरी होऊन परतताना मांजरसुंब्याजवळ धाकटीनं असा सूर लावला की बैल बिचकले. तू पदरात तोंड घालून हसत होतीस.

आता माजलगावात माझं किराणा दुकान आहे, माझ्या हिमतीवर उभं केलेलं. बाया सौद्याला येतात तेव्हा कडेवरच्या लेकराचा श्वास ऐकून मी सांगतो, पेज पाजा, नाहीतर आत्ताच गाडी जुंपा. माझा कान चुकत नाही, असं बाजारभर सांगत फिरतो.

हा कागद कुठं धाडणार? घडी करून गल्ल्यात ठेवतो. तुला म्हणून सांगतो, परवा नातू एकाएकी गप्प झाला, पाणीही घेईना. दुकान उघडं टाकून मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तोंड उघडून पाहिलं. गालात माझ्याच दुकानातला खडीसाखरेचा खडा होता.